फोनवरचं समुपदेशन: झुआरीनगरच्या खोलीतून १४४१६ लागतो, पुढे काय?

भिरंड (धागाकर्ती)

गोव्यात मानसिक आरोग्यावर चर्चा कमी होत नाही. पण ती बहुधा पणजीच्या सभागृहात होते आणि ऐकणारे आधीपासूनच पटलेले असतात. हा धागा वेगळ्या मुलांबद्दल आहे. झुआरीनगर, चिंबलची इंदिरानगर, मडगावचा मोतीडोंगर या गरीब कामगारवस्त्या, म्हापशाच्या बाजाराभोवतीच्या भाड्याच्या खोल्या, सत्तरी-सांग्यातले धनगरवाडे. वय साधारण १४ ते २४. शाळा सुटलेली किंवा सुटायच्या बेतात, काम मिळेल तसं. अशा मुलाला रात्री दोन वाजता जीव नकोसा झाला तर फोनचा कितपत उपयोग होतो, आणि होत नसेल तर नेमका कुठे अडतो, ते इथे लिहूया. या कामातली बरीच मंडळी इथे आहेत, तेव्हा "समाज बदलला पाहिजे" छापाचे प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर. (तसा धागा आहे, चारशेच्या वर गेलाय.)

आधी नंबर, कारण सगळी सरमिसळ तिथेच होते.

१४४१६ म्हणजे टेली-मानस. केंद्र सरकारची सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट. हीच सेवा १८०० ८९१ ४४१६ वरही मिळते. वरची जबाबदारी बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेकडे, खाली राज्याराज्यांत कक्ष. फोन लागला की आधी भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतो. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या सरकारी इस्पितळाकडे पाठवतो.

१०९८ हा १८ वर्षांखालच्या मुलांसाठी. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली चाइल्डलाइन ती हीच. २०२३ पासून ती सरकारकडे गेली आणि ११२ ला जोडली गेली. घरची मारहाण, बालमजुरी, घरातून पळालेलं मूल, लैंगिक अत्याचार, सगळं इथे.

याशिवाय ११२ पोलिसांसह सगळ्या आणीबाणीला, १०८ रुग्णवाहिका, १८१ महिलांसाठी, १४४४६ व्यसनमुक्ती, १५१०० मोफत कायदेशीर मदत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा आयकॉल २०१२ पासून आहे, त्याची वेळ ठरलेली असते, म्हणून मध्यरात्रीसाठी तो धरून चालू नका. गोव्यातली कूज ही संस्थाही आत्महत्या रोखण्यासाठी फोनसेवा चालवते.

एक मुलगा, एक फोन आणि आठ-दहा नंबर. यातून वाट कशी काढायची?

---

वेर्णा_शिफ्ट

नंबर पाठ असूनही फोन होत नाही, याचं पहिलं कारण खोली. दहा बाय दहाच्या खोलीत चार-सहा जण. अर्धे रात्रपाळीचे, अर्धे दिवसपाळीचे, म्हणजे खोली कधीच रिकामी नसते. मुलीचं तर विचारूच नका, फोन आईचा, नाहीतर भावाचा.

म्हणून फोन उचलणाऱ्याने पहिल्या मिनिटात, दुःख ऐकायच्या आधी, चार गोष्टी विचारून घ्याव्यात. आत्ता मोकळं बोलता येतंय का? हा फोन कोणाचा आहे? मध्येच तुटला तर आम्ही परत लावला तर चालेल का, आणि किती वाजेपर्यंत? दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगू? शेवटचा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा राहून जातो, आणि सगळ्यांत जास्त नुकसान त्यानेच होतं. परत केलेला फोन बापाने उचलला आणि पलीकडून "आपण समुपदेशन केंद्रातून बोलतोय" आलं, की त्या घरातून पुन्हा फोन येत नाही.

ट्रूकॉलर विसरू नका. स्थानिक संस्थेचा नंबर लोकांनी आपापल्या फोनात "आत्महत्या हेल्पलाइन" म्हणून साठवलेला असतो. परत फोन केला की तेच नाव भावाच्या पडद्यावर झळकतं. ज्या नंबरवरून परत फोन जातो तो लोकांच्या फोनात कोणत्या नावाने दिसतो, हे महिन्यातून एकदा तपासावं आणि चुकीचं असेल तर बदलून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

मिस्ड कॉलची सोय मला याच कारणासाठी आवडत नाही. पैसे वाचतात खरे, पण परत येणारा फोन कधी आणि कोणाच्या हातात येईल, यावर मुलाचा ताबा राहत नाही. १४४१६ ला पैसे पडत नाहीत, तेव्हा त्यानेच, त्याच्या वेळेला लावावा.

---

सुकतीभरती

सहमत, पण एक खोच. रिचार्जची मुदत संपली की बाहेर जाणारे फोन बंद. त्या अवस्थेत फुकटचा नंबरसुद्धा लागेलच असं धरून चालू नये. ११२ मात्र लागतो. पगार दहा तारखेला आणि अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज चार तारखेला संपलेलं, हे दर महिन्याचं गणित आहे. त्या सहा दिवसांत मुलाने काय करायचं? शेजाऱ्याच्या फोनवरून बोलायचं तर आधी कारण सांगा.

---

रापण

भाषेबद्दल लिहितो, कारण इथे चांगले चांगले समुपदेशक घसरतात.

कोणीही "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाही. डोकं जड आहे, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, कामावर मन लागत नाही, टेन्शन आहे. एवढंच येतं. कोंकणी बोलणारा पोर म्हणेल, "म्हाका वाज आयला." आता वाज येणं म्हणजे नुसता कंटाळाही आणि जिवाला विटणंही. शाळेचा वाज आला आणि जिवाचा वाज आला यांत आभाळाएवढा फरक, पण शब्द तोच. ऐकणारा मराठी असेल तर त्याला तो कंटाळाच वाटतो. तेव्हा थांबून विचारायचं: कसलो वाज? कामाचो, घरच्यांचो, काय जिवाचो?

उत्तर कर्नाटकातून आलेल्या घरांतली पोरं बाहेर कोंकणी-हिंदी छान बोलतात. रडू आलं की कन्नडवर जातात, काही लमाणीवर. "साकागिदे" म्हणजे पुरे झालं, थकलो. तेही दोन्ही अर्थांनी येतं. १४४१६ लावताना सुरुवातीला भाषा निवडायची असते. तिथे मुलं सवयीने हिंदी दाबतात आणि पुढे अडतात. पोस्टर लावणाऱ्याने हे सांगून ठेवावं: बाजारात बोलतोस ती भाषा निवडू नकोस, घरी भांडतोस ती निवड.

आणखी एक तांत्रिक बाब. दूरसंचाराच्या हिशोबात गोवा महाराष्ट्राच्याच मंडळात मोडतो, म्हणून नंबराच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून मुलगा काणकोणचा की कोल्हापूरचा ते कळत नाही. शिवाय अर्ध्या पोरांची सिम झारखंड, ओडिशा, कर्नाटकातली, आणि तीही चुलत्याच्या नावावर. आणीबाणीत पोलिसांनी सिमचा पत्ता काढला तर गाडी भलत्याच दारात जाईल. गाव तोंडानेच विचारायचं. गाव, वाडा, आणि ओळखीची खूण: कपेल (लहान चर्च), देऊळ, तिंटो (बाजार), गाडा, कंपनीचं गेट.

---

म्हादई

रापणबाब, "कसलो वाज" हा प्रश्न सोन्यासारखा आहे. त्याला धरूनच पुढचं.

सगळ्यांत जास्त चुका होतात त्या आत्महत्येबद्दल विचारताना. दोन टोकं दिसतात. एक, विचारतच नाहीत, कारण विचारलं तर डोक्यात भरेल अशी भीती. ती निराधार आहे. सरळ विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट मुलाचं ओझं हलकं होतं. दुसरं टोक, असं विचारतात: "तसलं काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" याचं उत्तर प्रश्नातच आहे. मुलगा "नाही" म्हणतो आणि फोन ठेवतो.

विचारायचं असं: "इतकं सगळं झाल्यावर काही जणांच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुझ्या मनात येतो का?" हो म्हणाला तर आवाज न बदलता पुढे. कधीपासून? आज आला होता का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते साधन आत्ता हाताशी आहे का? यापूर्वी कधी प्रयत्न केला होतास का? आज दारू घेतली आहेस का? हे प्रश्न एकापाठोपाठ झाडायचे नसतात, पण फोन संपेपर्यंत यांतला एकही राहता कामा नये. विचार आहे पण बेत नाही, तर सुरक्षेची योजना आणि दुसऱ्या दिवशीचा फोन ठरवायचा. बेत आहे आणि साधन हाताशी आहे, तर फोन सोडायचाच नाही. आपण बोलत राहायचं, बाजूच्याने दुसऱ्या फोनवरून १०८ किंवा ११२ लावायचा, आणि खोलीतला किंवा शेजारचा एक माणूस त्याच्याजवळ पोचेपर्यंत धरून ठेवायचं. एकट्या समुपदेशकाने एकाच फोनवर रात्रपाळी करू नये, ते याचसाठी.

विष, गोळ्या असं काही घेतलं असेल तर "आता बरं वाटतंय" यावर विश्वास ठेवायचा नाही. सुरुवातीला बरं वाटणं आणि आत बिघडत जाणं एकाच वेळी चालू असू शकतं. इस्पितळ म्हणजे इस्पितळ, आणि त्याच रात्री.

सुरक्षेची योजना सहा पायऱ्यांची असते. स्टॅन्ली आणि ब्राउन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बसवलेली. वाईट वेळ येतेय हे कशावरून ओळखशील; एकट्याने काय केलंस तर ती टळते; कुठे गेलास, कोणात मिसळलास तर मन वळतं; मदत कोणाकडे मागशील; कुठली सेवा, कुठला डॉक्टर; आणि घरातली धोक्याची वस्तू दूर कशी करायची. आपल्याकडे अडतं तिसऱ्या पायरीवर. "मोकळ्या जागी जा" म्हणणं सोपं, पण दहा बाय दहात मोकळी जागा कुठली? म्हणून ठिकाण नावानिशी लिहून घ्यायचं. फुटबॉलचं मैदान, देवळाचा मांड, बसस्टँड, फेरीबोटीचा धक्का. पाण्याच्या किंवा उंच जागेबद्दल बोलणं झालं असेल तर धक्का, पूल वगैरे अर्थातच यादीतून बाद. सहाव्या पायरीवर "औषधं लपव" असं मुलालाच सांगून उपयोग नाही. ती कोणाच्या ताब्यात द्यायची, त्या माणसाचं नाव हवं.

योजना फोनवर सांगून संपवायची नाही. त्याच्या शब्दांत त्याच्याकडून लिहून घ्यायची. कागद धोक्याचा असेल तर फोनमध्ये बाजाराच्या यादीच्या नावाने.

---

काजूबी

हे सगळं ठीक आहे, पण त्या पोराला चार महिन्यांचा पगार मिळाला नाही, मालकाने आधार कार्ड ठेवून घेतलंय, घरी बाप पितो. त्याला "दीर्घ श्वास घे" सांगणार का? पैसे नाहीत म्हणून झोप नाही. हा आजार नाही, हिशोब आहे.

---

भिरंड

काजूबी, खरं बोललात. दीर्घ श्वास सांगणाऱ्याचा फोन खालीच ठेवावा.

---

म्हादई

काजूबी, हिशोब आहे हे मान्य. पण हिशोब मांडायला डोकं जागेवर लागतं, आणि झोप नसलेल्या पोराचं ते नसतं. म्हणून दोन्ही एकाच फोनवर करावं लागतं.

गोव्यातलंच उदाहरण घ्या. संगाथ ही संस्था इथे १९९६ साली सुरू झाली. तिच्या संशोधकांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत तपासली: मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक माणसांनी नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकी द्यायच्या. निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. नेहमीच्या उपचारांना या बैठकींची जोड मिळालेल्यांत सुधारणा जास्त दिसली. त्या बैठकींचा गाभा म्हणजे माणसाला पुन्हा छोट्या छोट्या कामांना लावणं आणि अडचण सोडवायची रीत शिकवणं. उपदेश नाही.

ती रीत फोनवर अशी चालते. समजा, कळंगुटच्या हॉटेलातला मुलगा, जूनमध्ये सीझन संपल्यावर काम सुटलं, दोन महिन्यांचा पगार बाकी, खोलीचं भाडं थकलं, मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपवाले नातेवाइकांना फोन करून बदनामी करतायत. हे सगळं एका दमात येतं. पहिलं काम म्हणजे गाठोडं सोडून एकेक वस्तू बाहेर मांडणं आणि त्याला मोजून दाखवणं: "तू चार गोष्टी सांगितल्यास." नुसतं मोजल्यानेसुद्धा आवाज खाली येतो. मग यांतलं या आठवड्यात हलू शकेल असं एकच निवडायचं. सगळ्यांत मोठं नव्हे, हलणारं. इथे ॲपवाल्यांचा त्रास. त्यावरचे तीन-चार उपाय त्याच्याकडूनच काढून घ्यायचे: धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवणं, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या नंबरवर तक्रार, ॲपला दिलेली फोनबुकची परवानगी काढणं, आणि मामाला आपणच आधी सांगून टाकणं. निवडायचं त्याने. कधी, कुठे, कोणाबरोबर, तेही ठरवायचं. पुढच्या फोनला पहिला प्रश्न तोच: झालं का? नाही झालं तर रागवायचं नाही, पायरी आणखी लहान करायची.

पगारासाठी १५१०० किंवा जिल्हा कायदेविषयक सेवा प्राधिकरण. पण "तिथे जा" म्हणून सोडू नका. काय न्यायचं ते सांगा: हजेरीचा फोटो, ठेकेदाराचे व्हॉट्सॲप संदेश, गणवेशाचा किंवा ओळखपत्राचा फोटो, जे असेल ते. लेखी काही नाही म्हणून मुलं जातच नाहीत. आणि आधार कार्ड अडकवलं असेल तर आकडा माहीत असो-नसो, आधारशी जोडलेला मोबाइल चालू आहे का ते विचारा. असेल तर नवी प्रत काढता येते, आणि मालकाच्या हातातलं हत्यार बोथट होतं.

---

काजूबी

हे पटलं. "हलणारं निवडायचं" हे लिहून ठेवतो.

---

साळावली

सांगे, काणकोण, सत्तरीच्या आतल्या भागाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. नेत्रावळी, खोतीगावच्या बाजूला रेंज एका विशिष्ट दगडावर किंवा वळणावरच येते. मुलगा तिथे उभा राहून बोलतो, पावसात, किंवा रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत. बोलणं पाच मिनिटांत तुटतं.

म्हणून तुटण्याचा नियम सुरुवातीलाच ठरवायचा. दोघांनी एकदम लावला तर दोघांना "व्यस्त" मिळतं आणि मुलाला वाटतं आपल्याला टाळलं. नियम सोपा: तुटला तर आम्ही लावू, तू थांब. पाच मिनिटांत तीन वेळा. नाही लागला तर उद्या अमुक वाजता, त्याच जागी. आणि मोठी गोष्ट आधी, ओळखपाळख नंतर. रेंज असेपर्यंत जिवाच्या धोक्याचा प्रश्न झालाच पाहिजे.

पुढे पाठवण्याबद्दल. "मानसोपचारतज्ज्ञाला भेट" हे वाक्य काणकोणच्या मुलाला निरर्थक आहे. बांबोळीची मनोरुग्णसंस्था, लोकांच्या तोंडी आयपीएचबी, म्हणजे मडगावात बस बदलून आख्खा दिवस आणि एक दिवसाची मजुरी. शिवाय "बांबोळेंत व्हेलो" (बांबोळीला नेला) म्हटलं की गावात काय अर्थ निघतो ते सांगायला नको. मडगाव आणि म्हापसा इथे जिल्हा इस्पितळं आहेत. मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा कुठल्या दिवशी असते ते समुपदेशकानेच आधी फोन करून विचारावं आणि मुलाला वार, वेळ, मजला, खिडकी एवढं सांगावं. जुनी चिठ्ठी असेल तर न्यायला सांगावं. सोबत कोण जाणार त्याचं नाव घ्यावं. नाव नसेल तर तो जाणार नाही, हे धरून चाला.

आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड पाच वर्षांच्या वास्तव्यावर मिळतं. बाहेरून आलेल्या मुलांकडे ते नसतं आणि "कार्ड नाही, मग इस्पितळच नाही" असा समज पक्का झालेला असतो. आणीबाणीत कार्ड बघत नाहीत, हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं.

---

तिंटो

पोलिसांच्या भीतीबद्दल कोणी नीट सांगेल का? "प्रयत्न केला तर केस होते" म्हणून लोक इस्पितळात नेतच नाहीत.

---

फोंड्याचो

@तिंटो, जुनी गोष्ट आहे ती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरायचं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नाही. उलट त्याची काळजी घेणं, उपचार करणं हे सरकारचं कर्तव्य. आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात जुन्या दंड संहितेतल्या ३०९ सारखं, आत्महत्येच्या प्रयत्नालाच गुन्हा ठरवणारं सरसकट कलमच नाही. उरलंय ते २२६: सरकारी नोकराला त्याच्या कामापासून अडवायला किंवा काही करायला भाग पाडायला केलेला प्रयत्न. घरातल्या दुःखी पोराशी त्याचा संबंध नाही.

इस्पितळ पोलिसांना कळवतं, जबाब होऊ शकतो. जबाब म्हणजे गुन्हा नव्हे. घरच्यांना हे आधीच सांगितलेलं असलं म्हणजे हवालदार दिसल्यावर ते पळत नाहीत.

आता अवघड भाग. १८ खालच्या मुलांच्या बाबतीत पोक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा. कलम १९ प्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या कोणीही कळवणं बंधनकारक, न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. फोनवरचा समुपदेशक यातून सुटत नाही. आणि कायद्याला सहमती कळत नाही. १७ वर्षांची मुलगी आणि १९ वर्षांचा तिचा मित्र, दोघे राजीखुशीने, तरी ते पोक्सोतच.

म्हणून गुप्ततेची मर्यादा सुरुवातीला सांगायची, मुलीने तोंड उघडल्यावर नव्हे. "तू जे सांगशील ते आपल्यातच राहील. दोन गोष्टी सोडून: तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा १८ खालच्या मुलावर कोणी अत्याचार करत असेल. तेव्हा मला मदत बोलवावी लागेल, आणि ते मी तुला सांगून करेन." एवढं पुरे. काही जण ही ओळ भीतीने गाळतात, फोन तुटेल म्हणून. तुटेलही. पण सगळं ऐकून घेऊन मग पोलीस धाडले तर ती मुलगी परत कोणालाच काही सांगणार नाही.

गर्भ राहिला असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या: सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात म्हटलंय की गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. बऱ्याच दवाखान्यांत हे ठाऊक नसतं.

गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ चा आहे आणि पणजीत बाल न्यायालय आहे. त्यावर वेगळा धागा काढेन.

---

घुमट

आमचं मंडळ चतुर्थीनंतर स्वतःचा हेल्पलाइन नंबर सुरू करायच्या विचारात आहे. पंधरा स्वयंसेवक आहेत, एक सिमकार्ड. सल्ला द्या.

---

सुकतीभरती

घुमट, करू नका. कारण गणितात आहे.

आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४० तास बसला तर एका खुर्चीला ४.२ माणसं. रजा, आजारपण, सण, शिकवणी धरून पाच. मापदेखील आपण एकाच खुर्चीचं घेतोय. आता तासाला सरासरी एक फोन आणि प्रत्येक फोन अर्ध्या तासाचा धरा. एकच लाइन असेल तर तिनातला एक फोन "व्यस्त" ऐकतो. दोन लाइनी असतील तर तेरातला एक. म्हणजे दुसरी लाइन चैनीची नव्हे, पण तिला आणखी पाच माणसं. तुमचे पंधरा पुरतील, असं वाटेल. पण ते नोकरी सांभाळून आठवड्याला चार तास देणारे. पंधरा चोक साठ. १६८ पैकी साठ, तेही एका खुर्चीचे, आणि रात्री दोन ते सहा कोणाचेच नाहीत. जीव नकोसा होतो तो बहुधा त्याच वेळी.

अर्धवट चालणारा नंबर नसण्यापेक्षा वाईट. मुलाने सगळं धैर्य गोळा करून लावलेला तो एक फोन असतो.

---

घुमट

म्हणजे काहीच करू नये?

---

वेर्णा_शिफ्ट

उलट. तुमच्याकडे जे आहे ते १४४१६ कडे नाही: खोली.

मंडळाच्या किंवा वाचनालयाच्या जागेत फोनची एक खोली काढा. आतून कडी लागणारं दार. खिडकी रस्त्याकडे नको. पंखा असू द्या, थोडा आवाज करणारा बरा, बाहेर बोलणं ऐकू जात नाही. दोन चार्जर, वेगवेगळ्या पिनांचे. मंडळाचा एक साधा फोन, मुदत न संपलेला, कुलूप नसलेला, आणि प्रत्येक वापरानंतर कॉलची यादी पुसायची रीत. खुर्ची, पाण्याची बाटली, कोरा कागद, पेन. वही ठेवू नका, सहीची तर मुळीच नको. दारासमोर सीसीटीव्ही असेल तर तोंड फिरवा. वेळ रात्री अकरापर्यंत तरी, कारण दुसरी पाळी सुटून पोरं उशिरा पोचतात. खोलीला नाव देऊ नका. "समुपदेशन कक्ष" अशी पाटी लावलीत की आत कोणी जाणार नाही. त्याच खोलीत फॉर्म भरणं, नोकरीचे अर्ज करणं चालू ठेवा, म्हणजे आत गेलेला कशाला गेला ते कोणाला कळत नाही.

पंधरा जणांचं काम बाहेर बसायचं. फोन झाल्यावर "काय झालं?" विचारायचं नाही. विचारायचं ते: "कुठे जायला सांगितलंय का? सोबत येऊ?" साळावलीताईंनी वर लिहिलेली ती सोबत तुम्ही देऊ शकता.

---

साळावली

हो, आणि त्यांतल्या दोघांना तरी कन्नड येऊ द्या. जून-जुलै लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, पर्यटन थंड, हातात काम नाही, बाहेर पाऊस. खोली त्याच दोन महिन्यांत चालू हवी. मंडळं नेमकी तेव्हा चतुर्थीच्या वर्गणीत गुंतलेली असतात.

---

रापण

आणि न बोलणारे फोन. कोणी लावतं आणि गप्प राहतं. खोडी समजून ठेवू नये. बाजूला कोणीतरी असतं, किंवा शब्द सापडत नसतात. "मी इथेच आहे. बोलता येत नसेल तर फोनवर बोटाने एकदा टिचकी मार, हो समजेन. दोनदा म्हणजे नाही." मग हो-नाहीचेच प्रश्न: बाजूला कोणी आहे? मारतायत का? आत्ता धोका आहे? बरंच काही कळतं. घाणेरडं बोलणारे फोन वेगळे. तिथे एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा ठेवायचा, अपराधी वाटून घ्यायचं नाही.

---

घुमट

आभारी आहे सगळ्यांचा. खोलीचं पटलं, उद्या बैठकीत मांडतो. पोस्टरचा मसुदा केलाय, बघा: "मानसिक आरोग्यासाठी मोफत समुपदेशन. संपर्क १४४१६. तुम्ही एकटे नाही आहात." सोबत डोक्याला हात लावून बसलेल्या मुलाचं चित्र.

---

काजूबी

चित्र काढा. तसं दिसायचं नाही म्हणूनच तर पोरं येत नाहीत.

---

भिरंड

आणि "मानसिक आरोग्य" काढा. असं करून बघा:

"झोप लागत नाही? डोकं जड? जिवाचा वाज आलाय?
१४४१६ लाव. दिवस-रात्र कधीही.
बॅलन्स लागत नाही. नाव सांगायचं नसेल तर सांगू नको.
आधी भाषा विचारतील, घरी बोलतोस ती निवड."

हेच कोंकणी, हिंदी आणि कन्नडमध्ये. कन्नड मजकूर कन्नड लिपीत, आणि तो आपल्या भागातल्याच माणसाकडून वाचून घ्या, पुस्तकी नको. आकडे हाताच्या वीतभर, बाकी मजकूर लहान चालेल. पंचायतीच्या फलकावर लावू नका, तिथे उभं राहून वाचणारा सगळ्यांना दिसतो. सार्वजनिक शौचालयाच्या दाराला आतून, सलूनमध्ये आरशाच्या बाजूला, रिचार्जच्या दुकानात, फेरीबोटीत, कंपनीच्या बसथांब्यावर. खाली कात्रीने पट्ट्या करून ठेवा, प्रत्येकीवर फक्त पाच आकडे, फाडून खिशात घालण्यासारख्या. बाकी एक अक्षर नको.

---

सुकतीभरती

पट्ट्या लावताना दोन आधीच फाडून टाका. पहिली पट्टी फाडायला कोणी धजत नाही.

---

तिंटो

"बॅलन्स लागत नाही" च्या खाली बारीक अक्षरात "रिचार्ज संपलं असेल तर वाचनालयाच्या खोलीत फोन आहे, रात्री ११ पर्यंत" घाला. नाहीतर ते सहा दिवस पुन्हा राहिलेच.